सिलिकोनला नाव देणारा माणूस: फ्रेडरिक किपिंग आणि फिश टँकचा सांधा



तुमच्या फोनमधली चिप सिलिकॉनची आहे. फोनला रबरासारखं मऊ कव्हर असेल, तर ते सिलिकोनचं असू शकतं. नावात एवढासाच फरक असल्यामुळे दुकानात दोघांनाही सरसकट सिलिकॉनच म्हणतात. वस्तू मात्र पूर्ण वेगळ्या आहेत. सिलिकॉन हे मूलद्रव्य आहे, वाळूतून शुद्ध करून काढलेलं, कडक आणि ठिसूळ. सिलिकोन म्हणजे त्याच सिलिकॉनला ऑक्सिजन आणि कार्बन जोडून बनवलेला लांब साखळ्यांचा पदार्थ. तो वाकतो, ताणतो आणि पाण्याला दाद देत नाही.

घरात फिश टँक असेल तर हे सिलिकोन तुम्ही रोज बघता. काचांच्या कोपऱ्यात दिसणारी ती पारदर्शक किंवा काळी रेघ. टँकला ना स्क्रू, ना फ्रेम. पाच काचा आणि ती रेघ, एवढ्यावर शंभर-दीडशे लिटर पाणी हॉलमध्ये उभं असतं.

या पदार्थाला नाव देणाऱ्या माणसाची आज गोष्ट सांगतो. त्यांचं नाव फ्रेडरिक स्टॅन्ली किपिंग. त्यांनी चाळीसहून जास्त वर्षं सिलिकॉनच्या रसायनांवर काम केलं, पन्नासहून जास्त शोधनिबंध लिहिले, आणि शेवटी सांगितलं की या विषयातून लवकर काही मोठं निघेल असं वाटत नाही. त्यानंतर सातच वर्षांत त्यांच्या कामावर एक अख्खी कंपनी उभी राहिली. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षानंतर केमिस्ट्रीचा आणि माझा संबंध सुटला होता. पण किपिंग यांच्याबद्दल वाचल्यावर फिश टँक दुरुस्तीचे सगळे नियम एकदम समजायला लागले. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच सांगतो.

मँचेस्टरचा मुलगा

किपिंग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६३ चा, मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डचा. वडील बँक ऑफ इंग्लंडच्या मँचेस्टर शाखेत नोकरीला होते. आईचे वडील चित्रकार. गंमत बघा, त्याच १८६३ साली फ्रीडेल आणि क्राफ्ट्स या दोघांनी सिलिकॉनचा अणू थेट कार्बनच्या अणूला जोडलेलं पहिलं संयुग बनवलं होतं. म्हणजे किपिंग आणि त्यांचा विषय एकाच वर्षी जन्माला आले.

शाळा मँचेस्टरची, मधे काही काळ फ्रान्समध्ये काँ शहरात शिक्षण, मग मँचेस्टरचं ओवेन्स कॉलेज. पदवीनंतर त्यांनी मँचेस्टरच्या गॅस विभागात केमिस्ट म्हणून नोकरी धरली. तेव्हा रस्त्यावरचे दिवे कोळशापासून काढलेल्या गॅसवर चालायचे, त्यामुळे अशा विभागाला केमिस्ट लागायचाच. नोकरी पक्की होती. पण १८८६ मध्ये ती सोडून ते जर्मनीत म्युनिकला गेले.

आज आपल्याकडचे लोक एमएससाठी बाहेर जातात ना, तसं तेव्हा ब्रिटिश केमिस्ट जर्मनीत जायचे. म्युनिकला आडोल्फ फॉन बायर यांची प्रयोगशाळा होती. तिथे किपिंग यांना मार्गदर्शक मिळाले विल्यम हेन्री पर्किन ज्युनिअर, वयाने त्यांच्यापेक्षा थोडेच मोठे. १८८७ मध्ये डॉक्टरेट झाली आणि दोघांची दोस्ती कायमची जमली. पुढे एडिंबराच्या हेरिअट-वॉट कॉलेजात दोघं एकत्र शिकवायला लागले. १८९४ मध्ये दोघांनी मिळून ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं एक पाठ्यपुस्तक काढलं. ते इतकं चाललं की विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी त्यावर अभ्यास केला.

दोस्ती नात्यातही बदलली. हॉलंड आडनावाच्या तीन सख्ख्या बहिणी होत्या. एकीशी पर्किन यांचं लग्न झालं, दुसरीशी, म्हणजे लिलीशी, १८८८ मध्ये किपिंग यांचं, आणि तिसरीशी आर्थर लॅपवर्थ यांचं. तिघे साडू आणि तिघेही नामवंत केमिस्ट. त्यांच्या घरच्या जेवणात काय गप्पा होत असतील याची कल्पना करा.

या पर्किन यांच्या वडिलांचा किस्सा इथे सांगायलाच हवा, कारण पुढे तो कामाला येतो. १८५६ मध्ये, १८ वर्षांचे असताना, थोरले पर्किन मलेरियावरचं क्विनिन बनवायचा प्रयत्न करत होते. क्विनिन काही झालं नाही, भांड्यात काळपट गाळ उरला. तो फेकून न देता त्यांनी तपासला, तर त्यातून जांभळा रंग निघाला. तो जगातला पहिला गाजलेला कृत्रिम रंग ठरला आणि त्यातून एक उद्योग उभा राहिला. म्हणजे प्रयोग फसल्यावर भांड्यात जे उरतं त्याला किंमत असू शकते, याचं उदाहरण किपिंग यांच्या सासुरवाडीच्या नात्यातच होतं.

डावी चप्पल, उजवी चप्पल

१८९० मध्ये किपिंग लंडनला गेले आणि १८९७ मध्ये नॉटिंगहॅमच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलोही झाले. नॉटिंगहॅमचं हे कॉलेज तेव्हा छोटं होतं. त्याला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार नव्हता, मुलं लंडन विद्यापीठाच्या परीक्षा द्यायची. किपिंग १९३६ मध्ये निवृत्त होईपर्यंत इथेच राहिले.

सिलिकॉनकडे ते वळले १८९९ च्या सुमारास. कशासाठी? रबर, गोंद, सीलंट यातलं काहीच त्यांच्या डोक्यात नव्हतं. त्यांचा प्रश्न वेगळाच होता.

तुमच्या चपलांची जोडी बघा. डावी आणि उजवी, मापं सारखी, पण एकीवर दुसरी ठेवली तर जुळत नाही. काही रेणूंचंही असंच असतं, डावा आणि उजवा असे दोन प्रकार. कार्बनच्या अणूला चार हात असतात आणि ते चार वेगळ्या दिशांना पसरलेले असतात. चारही हातांत चार वेगळे गट दिले, की डावा-उजवा फरक तयार होतो. हे कार्बनबाबत १८७४ पासून मांडलं गेलं होतं. आता आवर्त सारणीत कार्बनच्या बरोबर खाली सिलिकॉन आहे. त्यालाही चार हात. मग सिलिकॉनचे रेणूही डावे-उजवे होतात का?

ऐकायला सोपं, करायला भयंकर अवघड. सिलिकॉनला चार क्लोरीन जोडलेलं एक द्रव रसायन मिळतं. त्यातला एकेक क्लोरीन काढून त्या जागी एकेक वेगळा कार्बनचा गट बसवायचा. १९०४ पासून किपिंग यांनी यासाठी ग्रीन्यार अभिक्रिया वापरायला सुरुवात केली. मॅग्नेशियमच्या मदतीने कार्बनचा गट हवा तिथे बसवायची ही युक्ती तेव्हा अगदी नवी होती. तिचा शोध लावणाऱ्या ग्रीन्यार यांना १९१२ मध्ये नोबेल मिळालं. या युक्तीने किपिंग आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शेवटी डावा-उजवा सिलिकॉन रेणू वेगळा करून दाखवला. प्रश्नाचं उत्तर मिळालं: हो, होतात.

किपिंग यांचं स्वतःच्या नजरेतलं खरं यश हे होतं. आज केमिस्ट्रीच्या बाहेर ते फारसं कुणाला माहीत नाही.

चुकीचं नाव

आता येतो सिलिकोनचा भाग. कार्बनच्या जगात कीटोन नावाचा एक प्रकार आहे. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन हा त्यातलाच. कीटोनमध्ये कार्बन ऑक्सिजनला दोन हातांनी धरतो. किपिंग यांना वाटलं, कार्बनच्या जागी सिलिकॉन ठेवला की तसाच पदार्थ मिळेल. सिलिकॉनचा कीटोन, म्हणून सिलिकोन. हे नाव त्यांनी १९०१ मध्ये वापरलं.

पण प्रयोगात हाती आलं ते भलतंच. कार्बनवाला जोडीदार, बेन्झोफिनोन, हे पांढरे, छान स्फटिक असतात आणि साधारण ४८ अंशांना वितळतात. सिलिकॉनच्या बाजूला मात्र तेलं, चिकट राळ, गोंदासारखे गोळे यायला लागले.

कारण असं: सिलिकॉनला ऑक्सिजन दोन हातांनी धरून ठेवणं मानवत नाही. तो एका हाताने एक ऑक्सिजन धरतो, दुसऱ्या हाताने दुसरा. त्या ऑक्सिजनचा उरलेला हात पुढच्या सिलिकॉनला. अशी साखळी वाढत जाते. याचं मोठं उदाहरण तुमच्या आजूबाजूला आहे. कार्बन आणि ऑक्सिजन मिळून कार्बन डायऑक्साइड होतो, सुटे रेणू, म्हणून वायू. सिलिकॉन आणि ऑक्सिजन त्याच प्रमाणात मिळून वाळू होते, सगळे एकमेकांचे हात धरून बसलेले, म्हणून दगड.

म्हणजे सिलिकोन हे नाव ज्या कल्पनेवरून ठेवलं, तसा पदार्थ मुळात झालाच नव्हता. नाव मात्र टिकलं. सॉफ्टवेअरमध्ये आपण एखाद्या फंक्शनला घाईत नाव देतो, नंतर त्याचं काम बदलतं, पण नाव बदलायची कुणाची हिंमत होत नाही, तसंच हे.

त्या काळच्या केमिस्टसाठी चिकट गोळा म्हणजे डोकेदुखी होती. पदार्थ शुद्ध आहे की नाही हे ठरवायची त्यांची मुख्य कसोटी म्हणजे स्फटिक आणि त्याचा नेमका वितळणबिंदू. गोंदाला ना स्फटिक, ना नेमका वितळणबिंदू. लांब साखळ्यांचे महाकाय रेणू असतात ही कल्पनाच १९२० मध्ये श्टाउडिंगर यांनी मांडली, आणि तिलाही आधी जोरदार विरोध झाला. किपिंग यांना हे गोळे मूळ प्रयोगाच्या वाटेतला अडथळा वाटायचे.

तरी त्यांनी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते ती त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोलाची. त्यांनी तो अडथळा लिहून ठेवला. कोणतं रसायन घेतलं, त्यावर पाणी पडल्यावर काय झालं, किती चिकट, तापवल्यावर काय, त्यातून पाण्याचे रेणू सुटत जाऊन साखळी आणि कडी कशी वाढते, हे सगळं एकामागून एक निबंधांत छापलं. पर्किनच्या वडिलांसारखं त्या गाळातून पैसा काढणं त्यांना सुचलं नाही. पण गाळाची नोंद त्यांनी टाळली नाही.

तीच अभिक्रिया तुमच्या ट्यूबमध्ये

आता मजा बघा. किपिंग यांच्या भांड्यात सिलिकॉनला क्लोरीन चिकटलेला असायचा. पाणी लागलं की क्लोरीन सुटायचा, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड बाहेर पडायचं आणि सिलिकॉनच्या साखळ्या जुळायच्या. तुम्ही हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकोनची ट्यूब आणता, तिच्यात साखळ्या आधीच बनलेल्या असतात. फक्त टोकांना क्लोरीनऐवजी अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचे गट लावलेले असतात. ट्यूबमधून बाहेर येताच हवेतला ओलावा लागतो, ते गट सुटतात, आणि साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन रबर होतं. लावताना जो व्हिनेगरचा उग्र वास येतो तो त्या सुटलेल्या अ‍ॅसिडचा. व्हिनेगरमध्येही तेच असतं.

थोडक्यात, ज्या गोष्टीने किपिंग यांचे प्रयोग बिघडायचे, तीच गोष्ट आपण आता मुद्दाम घडवून आणतो.

माझ्या मावसभावाकडे तीन फुटी टँक आहे. त्याच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी झिरपायला लागलं. जवळच्या एका दुकानातल्या माणसाने येऊन जुन्या रेघेवरच नवीन सिलिकोनचा थर मारून दिला. चार दिवसांत पुन्हा थेंब. भावाने मला फोन केला, कारण घरातला इंजिनिअर मी. इंजिनिअर कशाचा, हे कुणी बघत नाही! मग आम्ही दोघांनी एका शनिवारी तो टँक रिकामा करून नीट काम केलं. प्रत्येक पायरीमागचं कारण किपिंग यांच्या रसायनातच आहे, ते असं:

१. मासे आधी दुसऱ्या टबमध्ये, टँकमधलंच पाणी आणि एअर पंप देऊन. फिल्टरचा स्पंज त्याच पाण्यात ओला ठेवा, त्यातले उपयोगी जिवाणू मरायला नकोत.

२. जुनं सिलिकोन ब्लेडने पूर्ण काढा. एकदा घट्ट झालेलं सिलिकोन कशाशीच सहज अभिक्रिया करत नाही, अगदी नव्या सिलिकोनशीही नाही. म्हणून थरावर थर टिकत नाही. भावाच्या टँकमध्ये हेच झालं होतं. मात्र ब्लेड दोन काचांच्या मधल्या फटीत घालू नका. टँक उभा धरून ठेवणारा खरा जोड तिथे असतो. आतल्या कोपऱ्याची रेघ ही पाणी अडवणारी दुसरी भिंत. मधलाच जोड सुटला असेल, त्यात बुडबुडे किंवा पांढरे पट्टे दिसत असतील, तर काचा सुट्या करून पुन्हा जोडाव्या लागतात. तो मोठा टँक असेल तर जाणकाराकडे द्या.

३. एकाच कोपऱ्यातून गळत असलं तरी आतल्या सगळ्या रेघा काढून पुन्हा भरा. कारण तेच, नवी रेघ जिथे जुन्या रेघेला भेटेल तिथे जोड कच्चा राहील.

४. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरने काढा, पाण्याने धुवा, सुकू द्या. मग अ‍ॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसा. खिडक्या उघड्या ठेवा, आसपास गॅस, उदबत्ती काही नको. काच स्वतः सिलिकॉन-ऑक्सिजनचीच बनलेली असते, त्यामुळे सिलिकोन तिला नुसतं चिकटत नाही तर रासायनिक नातं जोडतं. पण मधे तेलाचा थर असेल तर ते नातं जुळत नाही.

५. ट्यूब शंभर टक्के सिलिकोनची आणि फिश टँकसाठी चालेल असं लिहिलेली घ्या. बाथरूम-किचनसाठीच्या सिलिकोनमध्ये बरेचदा बुरशी मारणारं औषध असतं. ते पाण्यात उतरलं तर माशांना घातक.

६. सांध्याच्या दोन्ही बाजूंना कागदी टेप लावा, एका दमात रेघ ओढा, ओल्या बोटाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने दाबून सारखी करा आणि टेप लगेच काढा. वरची साय धरायला काही मिनिटंच लागतात.

७. मग थांबा. ओलावा बाहेरून आत शिरतो, म्हणून सिलिकोन बाहेरून आत घट्ट होतं, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. वरून कोरडं दिसलं म्हणजे आतून झालं असं नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत काम लवकर होतं, विदर्भातल्या उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत उशीर लागतो. आम्ही पूर्ण आठवडा दिला. व्हिनेगरचा वास पूर्ण जायला हवा.

८. खाली वर्तमानपत्र अंथरून टँक भरा आणि एक दिवस ठेवा. थेंब पडला तर कागद सांगेल. मगच मासे.

एवढी काळजी कशाला, तर हा हिशोब बघा. ९० सेंटीमीटर लांब टँकमध्ये ४५ सेंटीमीटर पाणी असेल, तर पुढच्या काचेवर पाण्याचा एकूण रेटा सुमारे ९१ किलो वजनाएवढा येतो. म्हणजे एक धष्टपुष्ट माणूस आतून काचेला रेलून रात्रंदिवस उभा आहे. पाण्याची उंची दुप्पट केली तर हा रेटा चौपट होतो.

पूर्वीच्या टँकना लोखंडी अँगलची फ्रेम असायची आणि फटीत लांबी भरलेली. लांबी सुकून कडक झाली की तडकायची, अँगल गंजायचा, आणि खाऱ्या पाण्यात तर फारच लवकर. सिलिकोन रबर सुकलं तरी ताणतं. काचा किंचित हलल्या, उन्हाने पसरल्या, तरी ते सोबत सरकतं. हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होणारं सिलिकोन आल्यानंतर, १९६० ते ७० च्या दशकांत, नुसत्या काचांचे टँक रुळले.

शेवटचं भाषण आणि नंतर

किपिंग यांच्याकडे परत येऊ. १९१८ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचं डेव्ही पदक मिळालं. १९२८ मध्ये नॉटिंगहॅमचं कॉलेज औषधव्यापारी जेसी बूट यांच्या देणगीतून नव्या जागेत गेलं आणि बूट यांच्या नावाच्या प्राध्यापकपदावर पहिले बसले ते किपिंग. निवृत्तीच्या सुमारास रॉयल सोसायटीने त्यांना मानाचं बेकेरियन व्याख्यान द्यायला बोलावलं. ते १९३७ मध्ये छापून आलं.

या व्याख्यानात त्यांनी आयुष्यभराच्या कामाचा आढावा घेतला. निष्कर्ष असा होता की सिलिकॉनची ही संयुगं मोजकीच आहेत, त्यांच्या अभिक्रियाही मर्यादित, त्यामुळे या क्षेत्रात नजीकच्या काळात काही महत्त्वाची प्रगती होईल अशी आशा फारशी दिसत नाही.

आज हे वाचून हसू येतं, पण थोडं थांबा. किपिंग यांच्या प्रश्नाच्या दृष्टीने ते बरोबरच बोलत होते. कार्बनचं जसं अफाट जग आहे, तसं सिलिकॉनचं समांतर जग सापडेल का, हे ते शोधत होते. तसं जग नव्हतंच. सिलिकॉन पुन्हा पुन्हा ऑक्सिजनच्या साखळीकडे वळायचा, आणि त्यांच्यासाठी तो रस्त्याचा शेवट होता.

त्याच वर्षांत अमेरिकेत दुसरे लोक त्यांचे निबंध वेगळ्या गरजेपोटी वाचत होते. कॉर्निंग या काच कंपनीत जेम्स फ्रँकलिन हाइड काचेच्या धाग्यांसाठी उष्णता सहन करणारी राळ शोधत होते. जनरल इलेक्ट्रिकमध्ये युजीन रोचो यांना मोटारींच्या तारांसाठी न जळणारं आवरण हवं होतं. या दोघांना तो चिकट, न बदलणारा, कशाशीही अभिक्रिया न करणारा गाळच हवा होता. आणि तो कसा बनवायचा, हे किपिंग यांनी छापून ठेवलेलं होतं.

एक अडचण होती. किपिंग यांची ग्रीन्यार पद्धत प्रयोगशाळेत ठीक, कारखान्यात महागडी. १९४० मध्ये रोचो यांनी सरळ मार्ग काढला: तांब्याच्या मदतीने तापवलेल्या सिलिकॉनवरून मिथाइल क्लोराइड वायू सोडायचा. आजही सिलिकोन उद्योग मुख्यतः याच पद्धतीवर चालतो. १९४३ मध्ये डाऊ आणि कॉर्निंग या कंपन्यांनी मिळून डाऊ कॉर्निंग सुरू केली. दुसरं महायुद्ध चालू होतं. पहिला माल होता विमानांच्या इंजिनातली प्रज्वलन यंत्रणा उंचावरच्या ओलाव्यापासून वाचवणारं सिलिकोनचं ग्रीस. १९६९ मध्ये चंद्रावर पावलं उमटली त्या बुटांचे तळवेही सिलिकोन रबरचेच होते.

किपिंग १९४४ पर्यंत सिलिकॉनवर निबंध छापत राहिले, तेव्हा ते ऐंशी पार केलेले होते. मुलगा बॅरी हाही केमिस्ट झाला आणि त्या जुन्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्त्यांवर वडिलांबरोबर त्याचंही नाव आलं. १९४८ मध्ये नॉटिंगहॅमचं ते छोटं कॉलेज पूर्ण विद्यापीठ झालं. त्याच्या पुढच्याच वर्षी वेल्समधल्या क्रिकिएथ या समुद्रकाठच्या गावात, वयाच्या ८५ व्या वर्षी किपिंग गेले. पुढे अमेरिकन केमिकल सोसायटीने सिलिकॉन रसायनशास्त्रासाठी एक पुरस्कार सुरू केला. त्याला नाव दिलं किपिंग यांचं, आणि त्याचा खर्च उचलला डाऊ कॉर्निंगने.

मग किपिंग यांचा अंदाज चुकला, म्हणून त्यांचं आयुष्य फसलं का? मला तसं वाटत नाही. आपल्या क्षेत्रात बरेच लोक प्रयोग फसला की फोल्डर डिलीट करतात, पुढच्या प्रोजेक्टला लागतात. सहा महिन्यांनी दुसरा कुणीतरी त्याच खड्ड्यात पडतो. किपिंग यांनी चाळीस वर्षं उलट केलं. त्यांना स्वतःला त्या चिकट गोळ्याचा उपयोग दिसला नाही, पण तो कसा तयार होतो हे त्यांनी इतकं स्वच्छ लिहिलं की ज्याला उपयोग दिसला त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

तुमच्याकडे गळका टँक असेल तर वरच्या आठ पायऱ्या सेव्ह करून ठेवा आणि जुनं सिलिकोन पूर्ण काढायचा कंटाळा करू नका. आणि काम करताना व्हिनेगरचा वास आला, की शंभर वर्षांपूर्वी नॉटिंगहॅममध्ये त्याच अभिक्रियेवर वैतागलेल्या प्राध्यापकांची आठवण काढा. टँकबद्दल काही अडलं तर विचारा, मला येतं तेवढं नक्की सांगेन.